मोहोळच्या बाई ट्रंक बोर्डावर

टेलिफोनवाली बाई सगळ्यांचं बोलणं ऐकते, याबद्दल सोलापुरात कुणाच्या मनात शंका नव्हती. दूधवाला रतीब घालताना म्हणायचा, "बाई, तुमाला समदं कळत असंल की!" मी नाही म्हटलं की तो डोळा बारीक करून हसायचा आणि त्याची खात्री आणखी पक्की व्हायची. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. ते लाकडी बोर्ड भंगारात गेले आणि त्यांच्यासमोर बसणाऱ्या आम्ही म्हाताऱ्या झालो. तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. ऐकू यायचं. पण ऐकत बसायला फुरसत नसायची.

ज्यांनी ट्रंककॉलचा जमाना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सत्तरच्या दशकात सोलापुरातून मुंबईला बोलायचं तर आधी आमच्याकडे कॉल नोंदवावा लागे. साधा नोंदवला तर सकाळचा कॉल दिवेलागणीला लागायचा. घाई असली तर अर्जंट, जीव टांगणीला लागला असला तर लायटनिंग. एका ठरावीक माणसाशीच बोलायचं असेल तर पी.पी. कॉल, तो माणूस फोनवर आला तरच जोडायचा. आम्ही बायका ओळीनं उंच खुर्च्यांवर बसायचो. डोक्याला हेडफोन, छातीवर बोलायचा भोंगा, समोर भोकाभोकांचा बोर्ड. दिवा लागला की एक कॉर्ड उचलून एका भोकात खोचायची, दुसरी कॉर्ड मुंबईच्या लायनीत, आणि खालची चावी पुढं-मागं करून दोघांना जोडून द्यायचं. लाइन लागली की नाही ते बघायला क्षणभर ऐकावंच लागे. आणि लाइन अगदीच खरखरत असली तर ऑपरेटरनं मध्ये पडून एकाचं बोलणं दुसऱ्याला मोठ्यानं सांगायचं. माझं सगळं रामायण घडलं ते या शेवटच्या कामापायी.

त्याआधी मी मोहोळला प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. माझे यजमान सिद्धाराम सोलापुरात एका कापड गिरणीत टाइमकीपर. मी मोहोळला भावाच्या घरी राहून शाळा करायची आणि शनिवारी एस.टी.नं सासरी यायची. आमची गौरी सासूबाईंजवळ वाढत होती. शनिवारी मी दारात उभी राहिले की ती पाहुणीकडे बघावं तशी माझ्याकडे बघायची आणि आजीच्या पदराआड जायची. ते मला सहन होईना. टेलिफोन खात्यात ऑपरेटर बायका घेतात असं कळलं, परीक्षा दिली, पास झाले आणि शाळा सोडली. शेवटच्या दिवशी पोरांनी फळ्यावर रंगीत खडूनं फुलं काढली होती. ती पुसायची म्हणून कुणी डस्टर देईना.

नोकरी बदलली म्हणजे हजेरीची जागा बदलली, एवढंच मला वाटलं होतं. शाळेत पोर खोटं बोलायला लागलं की त्याच्या कानाच्या पाळ्या मला सांगायच्या. कुणाला ताप आहे, कुणी जेवून आलेलं नाही, कुणाला घरी मार बसलाय, सगळं तोंडावर दिसायचं. इथं दिवसभर शेकडो माणसं माझ्याशी बोलत होती आणि तोंड एकाचंही दिसत नव्हतं. रागावलेले आवाज, लाडीगोडीचे आवाज, "ओ बाई, झोपलात का?" असं खेकसणारे आवाज. शाळेत मी बाई होते. माझ्याशी आवाज उतरवून बोलायचं, हे कुणाला शिकवावं लागत नसे. इथं मी चार नंबरचा बोर्ड होते.

माणसं मात्र एकेक भेटायची. करमाळ्याकडचा एक म्हातारा पोस्टात येऊन लष्करातल्या मुलाला कॉल लावायचा. एकदा तो बोलत असताना लाइन तुटली. मी म्हटलं, "बाबा, थांबा, मुलाला ऐकू जात नाही." तो म्हणाला, "असू द्या बाई. माजं सांगून झालं." आणि समाधानानं फोन ठेवून गेला. एक वकील होते. ते दर कॉलच्या सुरुवातीला म्हणायचे, "ऑपरेटरताई ऐकत असतील तर त्यांनाही नमस्कार." पुढं आणीबाणी लागली आणि त्यांचा नमस्कार बंद झाला. ते आणि त्यांचे पुण्याचे मित्र नुसते हवापाण्यावर बोलायला लागले. "तिकडं ढग कसे आहेत?" "दाटलेत." "मग छत्री जवळ ठेवा." उन्हाळ्याचे दिवस होते.

त्या काळात सगळ्यांनाच सगळ्यांची शंका येत होती. फोनवर टक् असा आवाज झाला की माणसं बोलायची थांबायची. खरं तर तो आवाज बहुतेक वेळा जुनाट तारांचाच असे. पण आमच्या मागंही एक टेबल होतं. त्या टेबलावर आमच्या सुपरवायझर मार्थाबाई बसायच्या. पांढरी सुती साडी, कोपरापर्यंत बाह्या, दोरीला अडकवलेला चष्मा. त्या टेबलावरून त्यांना कुठल्याही बोर्डाची लाइन गुपचूप ऐकता यायची. ऑपरेटर उद्धट बोलते का, ओळखीच्यांचे कॉल आधी लावते का, हे बघायला. नव्या मुलीला हे पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं आणि मग ती जन्मभर पाठीला डोळे लावून बसायची.

चाटी गल्लीत गोविंदशेठ म्हणून सुताचे मोठे व्यापारी होते. मुंबईचा दलाल त्यांना सकाळी सुताचा भाव सांगायचा. एकदा लाइन इतकी खरखरत होती की दोघांनाही काही कळेना. मी मध्ये पडले. दलाल म्हणेल ते मी शेठना सांगायची, शेठ ते परत म्हणून पक्कं करायचे, मी ते दलालाला सांगायची. भाव चढणार होता. त्याच दिवशी शेठच्या समोरच्या पेढीनं दुपारच्या आत बाजारातलं सगळं सूत उचललं. मग असं पुन्हा घडलं, आणि पुन्हा. गोविंदशेठनी तक्रार केली की टेलिफोनमधून भाव फुटतो.

वरच्या साहेबांनी मला बोलावलं. मी खुर्चीच्या कडेला बसले.

"तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"सासूबाई, मालक, मुलगी आणि माझे धाकटे दीर."

"दीर काय करतात?"

"एका सुताच्या पेढीवर कारकून आहेत."

"कुठली पेढी?"

मी सांगितलं आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं. ती गोविंदशेठच्या समोरचीच पेढी होती. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "बरं. या तुम्ही," म्हणाले. ते आणखी काही बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून विश्रांतीच्या खोलीत मी गेले की बोलणं थांबायला लागलं. थांबायचं की मला तसं वाटायचं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. काही वेळा नक्की थांबायचं. शेजारच्या बोर्डावरची शैला माझ्याशी हसून बोलायची, तर मला वाटायचं ही साहेबांकडे जाऊन सांगत असणार. ती हसली नाही तर वाटायचं, हिला कळलंय. माझ्या डब्याचं झाकण कुणीतरी उघडून बघतं असं मनानं घेतलं. मी डबा मांडीवर ठेवून जेवायला लागले, मग जेवणच सुटलं. हेडफोनमध्ये टक् झालं की मान आपोआप मागं वळायची. मार्थाबाई टेबलाशी मान खाली घालून काहीतरी लिहीत असायच्या. लिहीत नसल्या तर मला जास्त भीती वाटायची.

घरी आले तरी कानातला बोर्ड बंद होत नसे. भाकरी थापताना घंटी वाजायची. मी उठून दाराकडे जायची. सासूबाई म्हणायच्या, "कोण न्हाय गं. बस की."

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. मी काही सांगितलेलं नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पण तोच तोच प्रश्न मनात इतक्यांदा फिरला की एके दिवशी वाटलं, सांगितलंही असेल का? जेवताना सहज तोंडून गेलं असेल का? मी आठवायला बसले आणि मला आठवायलाही लागलं. मी ताट वाढतेय, मल्लिनाथभावजी समोर बसलेत आणि मी म्हणतेय, सूत चढणार. असं कधी घडलं नव्हतं. पण ते चित्र मला इतकं स्वच्छ दिसत होतं की त्यातल्या ताटातली शेंगाची चटणीसुद्धा दिसायची. माणसाच्या स्वतःच्याच आठवणीवर संशय येतो तेव्हा पाय टेकायला जागा उरत नाही.

माझे दीर मल्लिनाथ तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरचे. अबोल, कामाशी काम. त्यांच्या कानावर सगळं गेलं. एका संध्याकाळी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"वहिनी, माज्यापायी तुमच्या नोकरीवर आलंय. मी तितलं काम सोडतो. मंगळवेढ्याला मामाकडं जातो, शेती बघतो."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. वर्गातल्या पोरांची तोंडं वाचणारी मी, मला त्या तोंडावर काही दिसेना. डोक्यात एकच आलं, चोर असल्याशिवाय माणूस पळेल कशाला?

"तुम्हाला बरं वाटेल ते करा," मी म्हटलं.

दोन-चार दिवसांत ते गेले. सिद्धाराम तसे शांत स्वभावाचे. पण त्या दिवशी मला म्हणाले, "तू नुसतं थांबा म्हणाली असतीस तर थांबला असता तो."

"मग तुम्ही का नाही म्हणालात?"

"त्याला तुज्या तोंडून ऐकायचं होतं. संशय तुजा होता, माजा न्हवता."

आणि नंतर थोड्याच दिवसांत बोर्डावर ते घडलं. एक अर्जंट कॉल जोडून मी लाइन तपासायला चावी टाकली. पलीकडे एक म्हातारा माणूस मोठ्यानं म्हणत होता, "ती बाई चोर हाय! तिला आजच्या आज काडून टाक. घरातलं समदं भाईर सांगती!" मी दोन्ही कॉर्ड उपटल्या. हेडफोन काढून फेकला आणि ओरडले, "माझ्याबद्दल बोलतायत! लायनीवरसुद्धा माझ्याबद्दलच बोलतायत!"

सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. दिवे तेवढे लुकलुकत राहिले. मार्थाबाई उठल्या, शैलाला माझा बोर्ड सांभाळायला सांगितलं आणि मला दंडाला धरून बाहेर नेलं. पाण्याच्या माठाशी नेऊन तोंडावर पाणी मारलं.

"ते तुझ्याबद्दल बोलत नव्हते," त्या म्हणाल्या. "घरातल्या मोलकरणीबद्दल बोलत होते. सासरा सुनेला सांगत होता. मी पहिल्यापासून ऐकत होते."

"म्हणजे तुम्ही माझी लाइन ऐकत होता?"

"होय. तक्रार आल्यापासून रोज ऐकते. मला तसा हुकूम आहे."

इतके दिवस मला जे वाटत होतं ते खरं होतं. माझ्यावर पाळत होती. आणि त्याच बाई मला सांगत होत्या की जे मी आत्ता माझ्या कानानं ऐकलं ते खरं नव्हतं. रडावं की भांडावं कळेना. मी तिथल्याच पायरीवर बसले.

त्या माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. पांढरी साडी मळेल याचीसुद्धा त्यांनी पर्वा केली नाही. म्हणाल्या, "मी या नोकरीत येण्याआधी नर्स होते. माणसाला हात लावून काम करायची सवय. इथं आल्यावर पहिल्या वर्षी मला रिकाम्या घरात घंटा ऐकू यायच्या. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर वेडी म्हणतील. तू ती चूक करू नकोस. उद्या सकाळी माझ्याबरोबर सिव्हिल हॉस्पिटलला चल."

"वेड्यांच्या डॉक्टरकडे?"

"झोप न येणाऱ्यांच्या डॉक्टरकडे म्हण, तुला सोपं जात असेल तर."

मी गेले, पण विश्वासानं नाही. आता मार्थाबाई पुरावा तयार करतायत, मला वेडी ठरवून काढून टाकणार, असं वाटत होतं. केसपेपरावर नाव विचारलं तेव्हा मी धाकट्या बहिणीचं सांगितलं, सुनंदा. मार्थाबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी छताकडे बघितलं.

डॉक्टर तरुण होते, हळू बोलणारे. मी त्यांना जेवढ्यास तेवढं सांगत होते. त्यांनी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, मग शाळेचं विचारलं. शाळेचं मात्र मी बोलत सुटले.

"शाळेत तुम्हाला एखाद्या पोराचा संशय आला तर काय करत होता?"

"त्याच्या तोंडाकडे बघायची."

"आणि इथं?"

"इथं समोर भोकं असतात."

ते हसले नाहीत. म्हणाले, "सुनंदाबाई, तुमची झोप गेलीय आणि भूक गेलीय, म्हणून डोकं वाट सोडून पळतंय. त्यासाठी गोळ्या देतो, थोडे दिवस घ्या. पण गोळ्यांनी झोप येईल, तोंडं दिसणार नाहीत. तुम्ही एक करा. ज्या आवाजाची सगळ्यात जास्त धास्ती वाटते, त्या माणसाला एकदा जाऊन बघून या. बोलू नका, भांडू नका. नुसतं बघा."

गोळ्यांचा वास घेऊन, त्या कशाच्या आहेत हे ओळखीच्या औषधवाल्याला विचारून, मग मी घ्यायला लागले. झोप लागली. पुढच्या खेपेला सासूबाई बरोबर आल्या. त्यांनी डॉक्टरांना रोखठोक विचारलं, "हिला येड न्हाय लागलं न्हवं?"

"नाही आजी. फार दिवस एकटी विचार करतेय, एवढंच."

"मग आमी काय भिंती हाय व्हय घरात?" असं सासूबाई मला म्हणाल्या आणि त्या दिवसापासून मी कामावरून आले की हातातली कामं टाकून माझ्यासमोर येऊन बसायला लागल्या. बोलायच्या नाहीत. शेंगा फोडायच्या. त्यांचं मूळ अक्कलकोटकडचं, माहेरी कानडी. मी उठून दाराकडे जायला लागले की म्हणायच्या, "सुम्न कूड यव्वा." गप बस गं बाई. मी बसायची.

माझ्या सुट्टीच्या दिवशी त्याच म्हणाल्या, "डॉक्टरनं बगायला सांगितलंय न्हवं? चल. मला चादर घ्यायची हाय."

आम्ही दोघी चाटी गल्लीत गेलो. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना पेढ्या, मध्ये हातगाड्या. गोविंदशेठच्या पेढीसमोरच्या चादरीच्या दुकानात सासूबाई घडी उलगडून बघायला लागल्या. मी पदर डोक्यावरून ओढून समोर बघत उभी होते. गादीवर एक बुटका, घामेजलेला माणूस बसला होता. बोटातल्या अंगठ्या सारख्या फिरवत होता. फोनकडे बघायचा, नजर काढायचा, पुन्हा बघायचा. मला वाटलं होतं गोविंदशेठ म्हणजे आडदांड, मिशाळ असणार. हे तर निकालाच्या दिवशी वर्गाबाहेर उभ्या राहिलेल्या पोरासारखे दिसत होते.

फोन वाजला. शेठनी दोन्ही हातांनी तो उचलला, उभे राहिले आणि ओरडायला लागले. किती मोठ्यानं? समोरच्या हातगाडीवाल्यानं गाडी थांबवली. "काय? चढला? वीस नंबरी सुताचा चढला? किती? परत बोला! किती?" आणि मग शेठनी अक्षर अक्षर सुटं करून, सगळ्या गल्लीला पाठ होईल असा, भाव पक्का केला.

भावजींच्या जुन्या पेढीवरचा मुनीम जागचा हललासुद्धा नाही. त्यानं नुसता एका माणसाला डोळ्यानं इशारा केला, तो चपला घालून निघाला. पानपट्टीवाल्यानं तर पानाला चुना लावता लावता तो भाव गिऱ्हाइकाला सांगितला.

सासूबाईंनी चादर खाली ठेवली. "अगं महानंदा," त्या म्हणाल्या, "ह्याला फोन कशाला लागतोय? असंच वरडला तर म्हमईला ऐकू जाईल की!"

मला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी मी हसत होते आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तेही थांबेना. दुकानदार घाबरला. सासूबाईंनी त्याला सांगितलं, "काय न्हाय, तुमचा भाव आयकून रडती ती," आणि चादर चांगली घासाघीस करून घेतली.

मी मार्थाबाईंना सांगितलं. त्यांनी लगेच विश्वास ठेवला नाही, हेही सांगितलं पाहिजे. "मी स्वतः बघीन," म्हणाल्या आणि स्वतः गेल्या. चौकशीला बाहेरगावचे साहेब आले तेव्हा त्यांनाही घेऊन गेल्या. साहेब गल्लीच्या तोंडाशी उभे होते म्हणे. तिथूनही त्यांना सुताचा भाव कळला. तक्रार निकालात निघाली. मला कुणी "तुमची चूक नव्हती" असं म्हटलं नाही. वरच्या साहेबांनी नुसतं विचारलं, "आता तब्येत बरी आहे ना?" तब्येत! जणू एवढे दिवस मीच आजारी होते आणि बाकी सगळे ठणठणीत होते. गोविंदशेठनी पुढं फोनसाठी काचेची खोली करून घेतली. काचेचं दार लागलं की सगळ्या बाजाराला कळायचं, भाव हललाय.

डॉक्टरांकडे मी आणखी बरेच दिवस जात राहिले. शेवटी एकदा म्हटलं, "डॉक्टर, माझं नाव सुनंदा नाही." ते म्हणाले, "मला वाटलंच होतं. हाक मारली की तुम्ही उशिरा बघायचात." तरी त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्यांच्या सांगण्यावरून मी गल्लीतल्या विणकरांच्या आणि विडीवाल्या बायकांच्या पोरांना संध्याकाळी अंगणात शिकवायला बसवलं. तेलुगू बोलणारी पोरं, मराठी पाढे हेल काढून म्हणायची. त्यांच्या तोंडाकडे बघितलं की दिवसभराचे आवाज आपोआप खाली बसायचे. गौरीही त्यांच्यातच येऊन बसायची आणि माझी मुलगी आहे म्हणून पहिल्या रांगेत जागा मागायची. बोर्डावरचं कामही मला आवडायला लागलं. घाबरलेल्या माणसाला नुसत्या आवाजानं धीर देणं हीसुद्धा एक शिकवणीच होती, आणि त्यात मी कुणाला हार जायची नाही. पण मन पूर्वीसारखं अगदी निर्मळ झालं, असं म्हणणार नाही. दोन माणसं माझ्याकडे बघून हळू बोलायला लागली की आजही माझा कान टवकारतो. फरक एवढाच की आता मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसते.

मल्लिनाथभावजी परत आले नाहीत. मी निरोप पाठवला, सिद्धाराम स्वतः जाऊन आले. भावजी म्हणाले, हितं बरं चाललंय. दिवाळीला आले, सासूबाईंच्या पाया पडले, माझ्याशी "बरी हाय का तब्येत?" एवढंच बोलले. त्या तब्येत शब्दाचा मला तिटकाराच आला होता. मंगळवेढ्याला त्यांनी लग्न केलं, खताबियाण्याचं दुकान टाकलं. माझ्या मनात बोलायचं खूप होतं, पण समोर आले की त्यांच्या तोंडावर मला पुन्हा काही वाचता यायचं नाही.

त्यालाही मग काही वर्षं होऊन गेली. एका दुपारी बोर्डावर मंगळवेढ्याचा दिवा लागला. तिथला ऑपरेटर म्हणाला, "सोलापूर, पी.पी. कॉल घ्या. टेलिफोन ऑफिस, महानंदाबाई बिराजदार."

मी कॉर्ड हातात धरून थांबले. इतकी वर्षं दुसऱ्यांना जोडून देत आले, मला कधी कुणी कॉल लावला नव्हता.

"सोलापूर? बाई आहेत का?"

"आहेत. मीच बोलतेय."

शेजारच्या शैलानं मान वळवून बघितलं. लायनीवर दुकानातला गलका ऐकू आला, मग भावजींचा आवाज.

"वहिनी, दुकानात फोन बसला आज. म्हटलं पयला तुमाला लावावा."

मी हेडफोन कानाशी घट्ट धरला. लायनीवर टक् झालं. मागं कुणी ऐकत होतं की नव्हतं, मी वळून बघितलं नाही.

"भावजी," मी म्हटलं, "ज्वारी कशी हाय औंदा?"

भावजी बोलायला लागले ते थांबेचनात. जमीन कशी काळीभोर ओल धरून आहे, कणसं कशी भरलीत, पाखरं किती त्रास देतायत, पोरगं गोफण घेऊन कसं माळ्यावर चढतंय. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"हुरड्याला येता न्हवं मग? आईला, दादाला, गौरीला घेऊन या. तुमी आल्याबिगर मी आगटी पेटवत न्हाय."

"येते," मी म्हटलं.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं आम्ही सगळे गेलो.